गळती शून्य, तरी हालचाल तुटक: फ्रेम रेट आणि रिफ्रेश रेट जुळवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लहान चित्रपट-अभ्यास गटाचे आहे. गटाची आणि व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून तसे सर्व तपशील वगळले आहेत. हा गट एकत्र बसून चित्रपट आणि माहितीपट पाहतो, मध्येच दृश्य थांबवतो, मागे नेतो आणि कॅमेऱ्याची हालचाल, संकलन, प्रकाशयोजना यांवर चर्चा करतो. त्यामुळे पडद्यावरची हालचाल जशी चित्रित झाली तशीच दिसणे ही इथे हौसेची बाब नव्हती. ज्याचा अभ्यास करायचा तेच बिघडलेले दिसत असेल, तर त्यावरच्या चर्चेलाही फारसा अर्थ उरत नाही.

खोलीतली व्यवस्था साधी होती: एक संगणक, त्याला एचडीएमआय केबलने जोडलेला मोठा मॉनिटर आणि आवाजासाठी वेगळा ॲम्प्लिफायर. मॉनिटर ६० हर्ट्झवर चालत असे, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा ताजे होत असे. हाच त्याचा रिफ्रेश रेट. पाहायचे साहित्य मात्र एका जातीचे नव्हते. फ्रेम म्हणजे व्हिडिओतले एकेक स्थिर चित्र, आणि सेकंदाला किती फ्रेम येतात तो फ्रेम रेट. चित्रपटांच्या फाइल बहुतेक सेकंदाला २४ किंवा २३.९७६ फ्रेमच्या होत्या. ज्या देशांत दूरचित्रवाणी ५० हर्ट्झवर आधारलेली आहे तिथले माहितीपट २५ फ्रेमचे होते. इंटरनेटवरून मिळालेली चित्रमुद्रणे २९.९७, ३० किंवा ५९.९४ फ्रेमची होती. आणि सदस्यांनी मोबाइलवर चित्रित केलेल्या फितींचा तर स्थिर असा फ्रेम रेटच नव्हता.

यातले अपूर्णांकी आकडे अनेकांना छपाईची चूक वाटतात, म्हणून त्यांचा उगम इथेच सांगून टाकणे बरे. अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीचे मानक ठरले, तेव्हा रंगाचा संकेत ध्वनीच्या संकेतात मिसळून चित्रात व्यत्यय येऊ नये यासाठी सेकंदाला ३० फ्रेमचा वेग १.००१ ने भागून किंचित कमी करण्यात आला. त्यातून २९.९७ आणि ५९.९४ हे आकडे आले, आणि त्या व्यवस्थेत बसवायचा म्हणून २४ चा २३.९७६ झाला. कारण केव्हाच संपले, आकडे मात्र राहिले. या प्रकरणात त्या हजारांशानेही पुरेसा त्रास दिला.

तक्रार

कॅमेरा संथपणे आडवा फिरू लागला की चित्र सलग सरकत नाही, थरथरत सरकते, अशी मूळ तक्रार होती. श्रेयनामावली वर सरकताना अक्षरे हलकेच उड्या मारत असत. गटात संकलनाचे काम करणाऱ्या एक सदस्या होत्या. चित्रपटगृहात पाहिलेला एक चित्रपट त्यांनी इथे पुन्हा पाहिला आणि त्यातली लांबलचक आडवी फिरत (पॅन) आपण तिथे पाहिली ती ही नव्हे, असे ठामपणे सांगितले. इतर काही जणांना मात्र काहीच वावगे दिसत नव्हते. अशा तक्रारींत हे नेहमीच घडते. हालचालीतल्या असमानतेबद्दल प्रत्येकाच्या डोळ्यांची संवेदनशीलता वेगळी असते, त्यामुळे ज्यांना ती दिसत नाही त्यांना तक्रार करणारा चिकित्सक वाटू लागतो.

पुढे स्पष्ट झाले की या तक्रारीत किमान दोन वेगवेगळी लक्षणे होती. पहिले लक्षण म्हणजे हालचाल चालू असेपर्यंत न थांबणारी थरथर. दुसरे म्हणजे एरवी अगदी सुरळीत चाललेल्या दृश्यात अधूनमधून येणारा एकच गचका. दोन्हींची नोंद ‘व्हिडिओ अडकतो’ अशी एकाच प्रकारे होत राहिली, आणि त्यामुळे शोधाची पहिली दिशा चुकली.

पहिला तर्क आणि त्याचा खर्च

व्हिडिओ अडकतो म्हणजे संगणक कमी पडतो, असा तर्क कोणीही करील. गटानेही तोच केला आणि अधिक ताकदीचे ग्राफिक्स कार्ड बसवले. थरथर तसूभरही कमी झाली नाही.

हा निर्णय होण्यापूर्वी एक कळ दाबणे पुरेसे होते. गट वापरत असलेल्या एमपीव्ही या प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना ‘आय’ ही कळ दाबली की पडद्यावर आकडेवारी येते: फाइलचा फ्रेम रेट, मॉनिटरचा रिफ्रेश रेट आणि गळालेल्या, म्हणजे वेळेत न दाखवता आल्यामुळे वगळलेल्या, फ्रेमची संख्या. जुन्या कार्डावरही ही संख्या शून्य होती. संगणक प्रत्येक फ्रेम वेळेत उलगडत होता आणि वेळेत पुढे पाठवत होता. दोष फ्रेम तयार होण्यात नव्हता, तयार फ्रेम पडद्यावर किती वेळ टिकते यात होता.

हिशेब असा आहे. २४ फ्रेमच्या चित्रपटात प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सुमारे ४१.७ मिलिसेकंद येतात. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलू शकतो, त्याअधेमध्ये नाही. ६० ला २४ ने भागले तर अडीच येतात, आणि अर्धा रिफ्रेश असे काही नसते. म्हणून एक फ्रेम तीन रिफ्रेश टिकते, पुढची दोन, मग पुन्हा तीन आणि पुन्हा दोन. म्हणजे एक फ्रेम ५० मिलिसेकंद, तर शेजारची ३३.३. कॅमेरा समान गतीने फिरलेला असतो. पडद्यावर मात्र तो एकाआड एक पावलाला रेंगाळतो. एकही फ्रेम न गळता हालचाल लंगडी होते ती अशी. २५ फ्रेमच्या माहितीपटांत हा ठेका आणखी ओबडधोबड होतो. तिथे भागाकार २.४ येतो, आणि पाच फ्रेम दोन-दोन-तीन-दोन-तीन अशा बारा रिफ्रेशमध्ये बसवाव्या लागतात. हे आवर्तन सेकंदाला पाच वेळा येते, म्हणून २४ च्या थरथरीपेक्षा ते अधिक सहज नजरेत भरते.

ग्राफिक्स कार्ड कितीही ताकदीचे असले तरी हा भागाकार बदलत नाही.

मोजमाप

यानंतर गटाने घेतलेला निर्णय मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डोळ्यांवर आणि मतांवर विसंबायचे नाही, प्रत्येक फ्रेम पडद्यावर किती वेळ टिकते हे मोजायचे, असे ठरले. त्यासाठी खास उपकरण लागले नाही. एफएफएमपेग या मुक्त साधनाने २४, २५ आणि ३० फ्रेमच्या छोट्या चाचणी-फिती तयार केल्या. त्यांत दर फ्रेमला एकाने वाढणारा मोठा क्रमांक होता. त्या मॉनिटरवर चालवून मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या संथगती-चित्रणात टिपल्या, आणि प्रत्येक क्रमांक मोबाइलच्या किती फ्रेममध्ये दिसतो ते मोजले. ६० हर्ट्झचा एक रिफ्रेश मोबाइलच्या चार फ्रेम व्यापतो. म्हणून २४ ची फीत ६० हर्ट्झवर बारा-आठ-बारा-आठ अशी दिसायला हवी, आणि ती तशीच दिसली. २५ ची फीत आठ-आठ-बारा-आठ-बारा अशी निघाली. पडदा वरून खाली क्रमाने बदलत असल्यामुळे मोजणीत एखाद्या फ्रेमचा फरक पडतो, पण बारा आणि आठ यांत गल्लत होण्याइतका तो मोठा नसतो.

याच चाचणीने एक सापळाही उघड केला. मॉनिटरने संगणकाला कळवलेल्या यादीत २४, ५०, ५९.९४ आणि ६० हर्ट्झ असे पर्याय होते. यादीत २४ दिसताच उत्तर मिळाल्यासारखे वाटले. मॉनिटर २४ हर्ट्झवर ठेवला, पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूतही २४ हर्ट्झ लिहिलेले दिसू लागले. २४ ची फीत आता दहा-दहा-दहा अशी यायला हवी होती. ती आली पुन्हा बारा-आठ. मॉनिटर २४ हर्ट्झचा संकेत स्वीकारत होता, परंतु आतले पॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणारा भाग, ६० वरच चालवत होता आणि तीन-दोनची विभागणी आता संगणकाऐवजी तो स्वतः करत होता. संकेत स्वीकारणे आणि पॅनेलने त्या वेगाने चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेन्यूतला आकडा फक्त पहिलीबद्दल सांगतो. ५० हर्ट्झ मात्र खरे निघाले: २५ ची प्रत्येक फ्रेम मोबाइलच्या नऊ किंवा दहा फ्रेम टिकली. अपेक्षित आकडा ९.६ असल्यामुळे हे अगदी बरोबर होते.

अधूनमधून येणाऱ्या गचक्याचे कारण निराळे होते. तो प्रामुख्याने २९.९७ आणि ५९.९४ च्या फायलींत दिसत असे. ६० हर्ट्झवर २९.९७ ची प्रत्येक फ्रेम दोन रिफ्रेश टिकते आणि हालचाल सुरळीत असते. पण मॉनिटर दर सेकंदाला ०.०६ रिफ्रेशने पुढे सरकत राहतो, आणि साधारण सतराव्या सेकंदाला हा फरक एका पूर्ण रिफ्रेशएवढा साठतो. मग एखादी फ्रेम दोनऐवजी तीन रिफ्रेश टिकते. बाकी सारे समान असल्यामुळे ही एकच चूक ठळक उठून दिसते. तीन-दोनच्या थरथरीत हीच घसरण कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरा शोध अप्रिय होता. काही फायलींत दोष फाइलमध्येच मुरलेला होता. एका चित्रपटाची प्रत ३० फ्रेमची म्हणून नोंदलेली होती, पण प्लेअरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिल्यावर दर पाचवी फ्रेम आधीच्या फ्रेमची नक्कल असल्याचे दिसले. मूळ २४ फ्रेमचा चित्रपट कोणीतरी ३० मध्ये बसवला होता. आणखी एका प्रतीत शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळून वेग बदलला होता, त्यामुळे थांबवलेल्या चित्रातही माणसांच्या कडा दुहेरी दिसत होत्या. अशा फायलींसाठी जगातला कोणताही मॉनिटर उपयोगाचा नाही.

पर्याय

आता प्रश्न नेमका झाला होता. साहित्य २४ च्या घराण्याचे, २५ च्या घराण्याचे आणि ३० च्या घराण्याचे असताना प्रत्येक फ्रेम समान वेळ कशी दाखवायची? २४, २५ आणि ३० या तिघांनीही निःशेष भागला जाणारा सर्वांत लहान आकडा ६०० आहे. ६०० हर्ट्झचा पडदा असता तर हे प्रकरण इथेच संपले असते, पण तेवढ्यासाठी तसा पडदा शोधणे व्यवहार्य नव्हते.

आहे त्याच मॉनिटरवर भागवणे हा पहिला पर्याय होता. २५ आणि ५० साठी ५० हर्ट्झ, ३० आणि ६० साठी ६० किंवा ५९.९४. यात खर्च शून्य होता, पण गटाचे मुख्य साहित्य म्हणजे २४ फ्रेमचे चित्रपट, आणि ते तसेच थरथरत राहणार होते.

५० हर्ट्झच्या दूरचित्रवाणीवर चित्रपट दाखवण्याची जुनी रीत आहे, ती म्हणजे २४ ऐवजी २५ च्या वेगाने चित्रपट चालवणे. आहे तो मॉनिटर खऱ्या अर्थाने ५० वर चालत असल्यामुळे हा मोह रास्त होता. पण यात वेग सुमारे ४.२ टक्क्यांनी वाढतो. १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो, आणि आवाजाची पट्टी वेगळी दुरुस्त केली नाही तर ती जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढते. संकलनाची लय अभ्यासणाऱ्यांना हे मान्य होण्यासारखे नव्हते. विशेष म्हणजे गटाकडच्या काही जुन्या डिस्कवर हे आधीच झालेले होते, आणि ते आजवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

मधल्या फ्रेम गणिताने निर्माण करणे, म्हणजे इंटरपोलेशन, यावर सर्वांत जास्त वाद झाला. संगणक दोन फ्रेममधली हालचाल ओळखून मधली चित्रे तयार करतो आणि २४ चे ६० करतो. थरथर पूर्णपणे जाते. काही सदस्यांना ते पाहताक्षणी आवडले. पण त्या मधल्या फ्रेम कोणीही चित्रित केलेल्या नसतात. वेगाने हलणाऱ्या हाताभोवती किंवा जाळीमागून जाणाऱ्या माणसाभोवती चित्र वितळल्यासारखे होते, आणि सगळ्याच दृश्याला थेट प्रक्षेपणाचा तुळतुळीतपणा येतो. अशा प्रक्रिया एका झटक्यात बंद करणारी ‘फिल्ममेकर मोड’ ही व्यवस्था २०१९ साली दूरचित्रवाणी संचांसाठी जाहीर झाली, ती चित्रकर्त्यांच्या याच नाराजीतून. अभ्यासासाठी हा पर्याय नाकारला गेला, आणि माझ्या मते तो नाकारणेच योग्य होते. घरी निवांत पाहताना कोणाला तो आवडला तर त्यात गैर काहीच नाही.

उरले दोन मार्ग, आणि दोन्हींसाठी नवा मॉनिटर लागणार होता. एक म्हणजे उच्च, पण ठरावीक रिफ्रेश रेट. १२० हर्ट्झवर २४ ची प्रत्येक फ्रेम पाच रिफ्रेश टिकते, ३० ची चार, ६० ची दोन. १४४ हर्ट्झवर २४ ची सहा, पण ३० साठी भागाकार ४.८ आणि ६० साठी २.४ येतो. म्हणजे जाहिरातीत मोठा दिसणारा आकडा इथे लहान आकड्यापेक्षा कमी उपयोगाचा होता. तरीही एक सवलत दोन्हीकडे आहे. रिफ्रेश जितका जलद तितकी विभागणीतली चूक लहान, कारण ती चूक कधीच एका रिफ्रेशपेक्षा मोठी नसते. ६० वर ती १६.७ मिलिसेकंदांची असते, १२० वर ८.३ ची आणि १४४ वर सुमारे ६.९ ची.

दुसरा मार्ग म्हणजे फ्रीसिंक, जी-सिंक किंवा एचडीएमआय २.१ मधली बदलत्या रिफ्रेशची सोय. यात मॉनिटर ठरावीक ठेक्याने चालत नाही. फ्रेम आली की तो चित्र बदलतो. कागदावर हेच आदर्श उत्तर आहे. प्रत्यक्षात दोन अडचणी होत्या. या सोयीची एक कक्षा असते, उदाहरणार्थ ४८ ते १४४ हर्ट्झ, आणि २४ फ्रेमचा चित्रपट तिच्या खाली पडतो. म्हणून प्रत्येक फ्रेम दोनदा किंवा तीनदा पाठवून कक्षेत आणावी लागते, आणि ते काम ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, किती नीटपणे करतो यावर सगळे अवलंबून राहते. शिवाय खेळांसाठी आखलेली ही सोय ‘फ्रेम तयार झाली की दाखव’ या तत्त्वावर चालते. प्लेअरने फ्रेम पाठवण्यात दोन-तीन मिलिसेकंदांची चलबिचल केली, तर तीही जशीच्या तशी पडद्यावर उमटते. पाहिलेल्या एका मॉनिटरवर रिफ्रेश बदलताना अंधाऱ्या दृश्यांत उजेडही किंचित लुकलुकत होता.

निर्णय आणि अंमलबजावणी

नवा मॉनिटर येईपर्यंत २५ आणि ५० चे साहित्य जुन्या मॉनिटरवर ५० हर्ट्झवर दाखवणे लगेच सुरू झाले. माहितीपटांची थरथर त्याच दिवशी गेली.

खरेदीच्या वेळी गटाने तपशीलपत्रकावर विश्वास न ठेवता चाचणी-फिती आणि मोबाइल सोबत नेला. निकष एकच होता: पॅनेल खरोखर १२०, ११९.८८ आणि १०० हर्ट्झवर चालते का. निवडलेला मॉनिटर तीनही वेगांवर खरा उतरला. बदलत्या रिफ्रेशची सोय त्यातही होती, पण ती बंद ठेवायचे ठरले. त्यानंतरचा नियम सोपा होता. २४, ३० आणि ६० च्या फाइल १२० वर, २३.९७६, २९.९७ आणि ५९.९४ च्या ११९.८८ वर, २५ आणि ५० च्या १०० वर. दूरचित्रवाणीच्या आंतरविणीत मुद्रणांसाठी, म्हणजे ज्यांत एकेका फ्रेममध्ये वेगवेगळ्या क्षणांची दोन अर्धी चित्रे गुंफलेली असतात त्यांच्यासाठी, आधी ती सोडवून ५० पूर्ण फ्रेम करायच्या आणि मग १०० वर दाखवायच्या. फाइल उघडताच तिचा फ्रेम रेट वाचून मॉनिटरचा वेग बदलणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञावली, प्लेअरला जोडण्यात आली. कोडीसारख्या प्लेअरमध्ये ही सोय तयार मिळते. पण एकेक फ्रेम मागेपुढे करत चर्चा करण्याची सवय असल्यामुळे गट एमपीव्हीवरच राहिला.

यानंतर एक निर्णय असा आला ज्याची कोणी अपेक्षा केली नव्हती, आणि तो आवाजाविषयी होता. मॉनिटर ११९.८८ वर ठेवला तरी तो हिशेबाला तंतोतंत उतरत नाही. चित्राचा वेग ग्राफिक्स कार्डातले घड्याळ ठरवते, आवाजाचा वेग ध्वनिव्यवस्थेतले दुसरे घड्याळ ठरवते, आणि दोन घड्याळे कधीच पूर्ण जुळत नाहीत. प्लेअर सहसा आवाजाला प्रमाण मानतो आणि फरक साठला की एखादी फ्रेम वगळतो किंवा दोनदा दाखवतो. म्हणजे गचका पुन्हा येतोच, फक्त अधिक काळाने. उलट, मॉनिटरला प्रमाण मानायचे आणि आवाजाचा वेग सूक्ष्म प्रमाणात कमीजास्त करत राहायचे, अशी रीत एमपीव्हीमध्ये ‘डिस्प्ले-रिसॅम्पल’ या नावाने उपलब्ध आहे. २३.९७६ चा चित्रपट पूर्ण २४ च्या वेगाने चालवला तरी फरक ०.१ टक्का, म्हणजे स्वरात अर्धस्वराच्या पन्नासाव्या हिश्श्यापेक्षाही कमी पडतो. इथे तर फरक त्याहूनही खूप लहान होता.

पण आवाजाचा वेग बदलायचा तर तो संगणकातच उलगडला पाहिजे. गट तोवर डिस्कवरचा संकुचित ध्वनी न उलगडता थेट ॲम्प्लिफायरकडे पाठवत असे, आणि आवाजाची बाजू पाहणाऱ्या सदस्याचा ती पद्धत सोडायला विरोध होता. विरोधात तथ्य होते, कारण प्रत्येक आवाजाच्या त्रिमितीय स्थानाची माहिती वाहणारे काही ध्वनिप्रकार संगणकात उलगडले की ती माहिती हरवते. तडजोड अशी झाली की दोन्ही पद्धती ठेवायच्या: नेहमीच्या अभ्याससत्रांत आवाज संगणकात उलगडायचा आणि मॉनिटर प्रमाण मानायचा, ध्वनियोजनेवरच चर्चा असेल त्या दिवशी आवाज अबाधित सोडायचा आणि क्वचित येणारा गचका सहन करायचा. १२० च्या घरात तो गचका फक्त ८.३ मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे हा सौदा फारसा महाग नव्हता.

वेग बदलताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होई आणि चित्रपटाची पहिली क्षणचित्रे त्यात वाहून जात. म्हणून फाइल थांबलेल्या अवस्थेत उघडायची आणि चित्र परतल्यावर सुरू करायची, अशी सुधारणा स्क्रिप्टमध्ये केली.

मध्यंतरी थरथर अचानक परत आली आणि सेटिंग मात्र सगळी जागच्या जागी होती. संगणकाला चालकाच्या सोयीसाठी ६० हर्ट्झचा दुसरा छोटा मॉनिटर जोडला गेला होता, आणि प्लेअर त्या मॉनिटरचा ठेका धरून फ्रेम पाठवत होता. आकडेवारीच्या पडद्यावर रिफ्रेश रेट ६० दिसल्यामुळे हे काही मिनिटांत सापडले. सत्र चालू असताना दुसरा मॉनिटर बंद ठेवण्याचा नियम झाला.

फाइलमध्येच मुरलेल्या दोषांपैकी दर पाचवी फ्रेम नक्कल असलेली प्रत सुधारता आली. नकला काढून टाकल्यावर मूळच्या २४ फ्रेम शाबूत निघाल्या. फ्रेम मिसळलेली प्रत बाद करून चांगल्या प्रतीचा शोध घ्यावा लागला.

परिणाम

नव्या व्यवस्थेत २४ ची चाचणी-फीत दहा-दहा-दहा अशी आली. श्रेयनामावलीतली अक्षरे स्थिर सरकू लागली. आधी ज्यांना काहीच दिसत नव्हते, त्यांनाही दोन्ही मॉनिटर शेजारी ठेवून दाखवल्यावर फरक दिसला.

तरीही सगळे समाधानी झाले नाहीत, आणि हा भाग नीट नोंदवण्याजोगा आहे. उजळ पार्श्वभूमीवर कॅमेरा वेगाने आडवा फिरतो तेव्हा चित्र अजूनही तुटक दिसते, अशी तक्रार उरली. मोजणीत कोणताही दोष नव्हता. ही तुटकता २४ फ्रेमच्या चित्रणाचीच आहे. दोन फ्रेममध्ये वस्तू पडद्यावर इतकी दूर जाते की डोळा ती उडी भरून काढू शकत नाही. म्हणूनच छायाचित्रणात असा ढोबळ संकेत आहे की एखाद्या वस्तूला पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे सात सेकंद मिळावेत. नव्या मॉनिटरचे पिक्सेल जुन्यापेक्षा खूप झटपट रंग बदलत असल्यामुळे आधी अस्पष्टतेत लपणारी ही उडी आता स्वच्छ दिसू लागली होती. चित्रपटगृहातल्या जुन्या प्रक्षेपकात फिरती पाकळी प्रत्येक फ्रेम दोनदा किंवा तीनदा झाकत-उघडत असे, पडदा तुलनेने मंद असे, आणि त्यामुळे तिथला अनुभव निराळा होता. संकलक सदस्येने मॉनिटरचा उजेड कमी करून खोली अधिक अंधारी ठेवण्याचे सुचवले. तुटकपणा त्याने गेला नाही, पण टोचेनासा झाला.

वेगळे काय करता आले असते

ग्राफिक्स कार्डाचा खर्च टाळता आला असता, हे उघड आहे. पण केवळ ‘आधी निदान, मग खरेदी’ असे म्हणून ते टाळता आले नसते, कारण गटाच्या समजुतीप्रमाणे निदान झालेच होते. तक्रारवहीत फाइलचे नाव, दृश्याची वेळ आणि थरथर की एकटा गचका एवढी तीन कलमे असती, तर पहिल्याच आठवड्यात दिसले असते की थरथर २४ आणि २५ च्या फायलींपुरती आहे, आणि ६० फ्रेमची सर्वांत जड फाइल मात्र तुलनेने सुरळीत चालते. कमी पडणारा संगणक नेमका उलट वागला असता.

५० हर्ट्झची सोय जुन्या मॉनिटरमध्ये पहिल्या दिवसापासून होती. माहितीपटांसाठी ती वापरायला ना खर्च लागला असता ना नवे साधन. फक्त यादी उघडून पाहायची होती.

बदलत्या रिफ्रेशचा पर्याय बंद ठेवण्याचा निर्णय मला पूर्णपणे पटत नाही. ठरावीक फ्रेम रेटच्या चित्रपटांसाठी तो बरोबर आहे. पण मोबाइलच्या फितींत दोन फ्रेममधले अंतर सतत बदलत असते आणि कोणताही ठरावीक ठेका त्यांना बसत नाही. तिथे ती सोय निदान चाचणीपुरती चालू करून पाहायला हवी होती. गटाने त्याऐवजी यापुढे स्वतःचे चित्रण स्थिर फ्रेम रेटने करण्याचे ठरवले आहे. आधीच्या मोबाइल-फिती सध्या १२० वर जशा चालतील तशा पाहिल्या जातात, आणि त्यांतली असमानता प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी दिसते.